हॉर्न न वाजवता पोचलेली हळद

भावाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या घरात भांडण झालं, ते हळदीच्या वाटीवरून.

आमच्याकडं आधी नवरदेवाला हळद लागते. त्याला लावून उरलेली हळद, उष्टी हळद म्हणतात तिला, ती नवरीच्या घरी न्यायची. ती पोचल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. तिकडं मांडवात सगळ्या बायका तिची वाट बघत बसलेल्या असतात. आणि ती वाटी नेते सवाष्ण. माझी आई सवाष्ण नाही. वडील जाऊन बरीच वर्षं झाली.

आईला हे कधी सांगावं लागलं नाही. शुभकार्य निघालं की ती आपण होऊन मागं सरायची. सगळी तयारी तिची, आणि ऐन वेळी ताट दुसऱ्याच्या हातात. मी गाडी घेतली त्यानंतरच्या पहिल्या दसऱ्यालाही तसंच झालं होतं. गाडी जुनी, दुसऱ्याची वापरलेली, पण माझ्या पगाराची. आमच्या पंचवटीतल्या गल्लीत ती वळवताना आजही घाम फुटतो. त्या दिवशी झेंडूची माळ आईनं ओवली, ताट आईनं मांडलं. मी पूजेसाठी बॉनेट उघडून ठेवलं आणि शेजारीपाजारी सोनं वाटायला गेले. परत येते तर आई दारात उभी आणि ताट आत्याच्या हातात. आत्या म्हणजे वडिलांची बहीण, नांदगावकडं दिलेली, सणाला माहेरी आलेली.

"झाली बरं का पूजा," आत्या म्हणाली. "वरवरची नाय, आतूनबाहेरून केली. तुझ्या गाडीला आता काय बी व्हायचं नाय."

मी आईकडं बघितलं. ती झेंडूच्या पडलेल्या पाकळ्या गोळा करत होती.

हे मला खटकायचं. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुठंही सांगते, कुणाला आवडो न आवडो. फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले, आता अंबडच्या एका कारखान्यात पॅनेल टेस्टिंगला आहे. ही डिग्री आईच्या भाजीच्या पाट्यांवर उभी राहिली. गोदाकाठच्या बाजारात ती पहाटेपासून बसायची, पाण्यानं हात सुरकुतून जायचे. त्या हातांनी मेथी चालते, पोरांची फी चालते, आणि हळदीची वाटी चालत नाही, हे गणित माझ्या डोक्यात कधी बसलं नाही.

म्हणून त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हळद आई घेऊन जाईल. गाडी मी चालवते."

सगळे माझ्याकडं वळून बघायला लागले. मग आत्या म्हणाली, "अगं पण रीत काय हाय, तू बोलतेस काय! लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

आई घाईघाईनं म्हणाली, "वन्सं म्हणतात ते बरोबर आहे. पोरीचं काही ऐकू नका."

त्यावर भाऊ बोलला. तो पाटावर बसलेला, कानापर्यंत पिवळा, डोक्याला मुंडावळ्या. तो कधी आवाज चढवत नाही. म्हणाला, "आई नेणार असेल तर न्या. नाहीतर मी आंघोळ करून घेतो आणि हळद पुसून टाकतो."

नवरदेवाशी कोण भांडणार? आत्यानं हात झटकले. "न्या बाबांनो. मी पण येते बरोबर. पण वाटेत काय झालं तर मला बोलू नका."

असे आम्ही तिघी निघालो. पुढच्या सीटवर हिरवी साडी, चुडा, नारळ ठेवलेली टोपली. मागं आई आणि आत्या. आईच्या मांडीवर पितळी वाटी, वर लाल खण बांधलेला. वाटी खाली टेकवायची नसते. आई दोन्ही हातांनी ती धरून बसली होती, दुधाचं भांडं धरतात तशी. आरशातून मला तिचा चेहरा दिसत होता. ती घाबरली होती आणि खूशही होती, आणि दोन्ही लपवत होती.

नवरीचं घर घोटीला. मुंबई हायवेनं फार लांब नाही. दुपार सरत आली होती, दिवेलागणीच्या आत हळद लागायला हवी असं तिकडून सांगितलेलं. वेळ भरपूर होता. वाडीवऱ्ह्याच्या अलीकडं आत्याचा मूडही सुधारला. ती मला म्हणाली, "करवलीनं कऱ्हा धरायचा असतो गं बाई, स्टिअरिंग नाय!" आई हसली.

आणि गाडीनं आचका दिला.

एकदा, मग परत एकदा. ॲक्सिलरेटर दाबला तर काही नाही. इंजिन बंद. मी इंडिकेटर लावून चालत्या जोरावर गाडी कशीबशी डावीकडं मातीवर घेतली. बाजूनं ट्रक गेला, सगळी गाडी हलली.

"काय झालं?" आत्यानं विचारलं.

"बघते."

चावी फिरवली. स्टार्टर नीट फिरत होता, इंजिन मात्र पकडत नव्हतं. परत फिरवली. तेच.

"पेट्रोल हाय का?"

"कालच भरलंय."

मग आत्या काही बोलली नाही. आमच्या आत्याला ओळखणाऱ्यांना माहीत आहे, तिचं बोलणं परवडतं.

मी मागं वळून बघितलं. "आत्या, काय म्हणायचंय ते म्हण."

"मी कुठं काय बोलले? मी काय बी बोलले नाय."

"न बोलता लय बोललीस."

तेवढ्यात आई बोलली. अगदी हळू. "मी नको म्हणत होते."

एवढंच. गाडी बंद पडणं ही काय मोठी गोष्ट आहे? ओढून नेली असती. पण त्या क्षणी मला पुढचं सगळं दिसलं. ही गोष्ट लग्नात फिरणार. भावाच्या संसारात पुढं कधी काही कमीजास्त झालं, साधा ताप आला तरी कुणीतरी म्हणणार, हळद कुणी नेली होती आठवतंय ना? आणि सगळ्यांच्या आधी आई स्वतःशी म्हणणार. ती परत कधी मागून पुढं येणार नव्हती.

आत्यानं फोन काढला, घरी थांबलेल्या काकांना लावला. "दुसरी गाडी पाठव. वाडीवऱ्ह्याच्या अलीकडं थांबलोय. नाय, तसं काय नाय, बंद पडली. मी हळद घेऊन पुढं जाते, वहिनी थांबतील पोरीजवळ." फोन ठेवून तिनं आईपुढं हात केले. "द्या इकडं वहिनी. गाडी येईस्तवर मी धरते."

आईनं वाटी पुढं केलीसुद्धा.

"आई," मी म्हणाले, "एकदा हातात घेतलेली हळद खाली टेकवायची नसते ना? मग वाटेत हात बदललेला चालतो का?"

आई थांबली. तिनं आत्याकडं बघितलं. आत्यालाही याचं उत्तर नक्की माहीत नव्हतं.

"दुसरी गाडी येईपर्यंत तरी धर," मी म्हणाले. "तोवर मी बघते काय झालंय ते."

आणि मी विचार करायला लागले. घाबरले होते, पण डोकं चालू होतं. स्टार्टर फिरतोय म्हणजे बॅटरी बरी आहे. पेट्रोल आहे. मग ते इंजिनपर्यंत पोचतंय का? या गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीतच असतो, मागच्या सीटखाली. चावी ऑन केली की इंजिन सुरू व्हायच्या आधी तो क्षणभर घूं करून थांबतो.

"आई, तू नेहमी मागं बसतेस. मी चावी फिरवली की खालून काही आवाज येतो का?"

"येतो की. भुंगा गुणगुणल्यासारखा. माझ्या बुडाखालीच येतो."

"आज आला?"

मी चावी ऑन केली. आई मान तिरकी करून ऐकत राहिली. आत्याही श्वास रोखून. दोघी देवळात कौल लावून बसल्यासारख्या.

"नाही," आई म्हणाली. "भुंगा गप्प आहे."

म्हणजे पंपाला वीज जात नव्हती. किंवा पंपच गेला होता. पंप गेला असता तर माझ्या हातात काही नव्हतं. पण त्याच्या आधी फ्यूज आणि रिले असतात. आणि रिले तर मी कारखान्यात रोज हाताळते. काडेपेटीच्या निम्म्या आकाराची काळी डबी. चावीकडून बारीकसा करंट आला की आतला लोहचुंबक टक् करून पट्टी ओढतो आणि पंपाचा मोठा करंट सुटतो. कॉलेजात प्रॅक्टिकलला मी पहिल्यांदा तो टक् ऐकला, तेव्हा घरी येऊन आईला सांगितलं होतं. ती मुळ्याच्या जुड्या बांधत होती. म्हणाली, "म्हणजे वॉचमन. वर्दी आल्याशिवाय दार उघडत नाही." आमच्या सरांनी सुद्धा इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

बॉनेट उघडलं. बॅटरीशेजारी फ्यूजबॉक्स. झाकणाच्या खिट्ट्या काढल्या, झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला नकाशा चिकटवलेला असतो, कुठली डबी कशाची ते. तो नकाशा मला वाचता येईना. त्यावर लालपिवळा लेप होता आणि त्यात अर्धी अक्षरं गेली होती. मला आधी वाटलं गंज. ओढणीनं पुसलं तर ओढणीला रंग लागला.

पण तेव्हा त्याचा विचार करायला फुरसत नव्हती. आत सारख्या दिसणाऱ्या तीन डब्या ओळीनं बसलेल्या. यातली पंपाची कुठली?

"आत्या, पुढं ये. ड्रायव्हरच्या सीटवर बस."

"मी? आगं बया! गाडी चालू झाली म्हंजी?"

"झाली तर पेढे वाटू. फक्त मी म्हणेन तेव्हा चावी एक घर पुढं कर. मी म्हणेन तेव्हा मागं."

मी बाहेरून दार उघडल्यावर आत्या उतरली, पदर खोचला, गाडीच्या पाया पडली आणि बसली. मी पहिल्या डबीवर बोट ठेवलं. "कर पुढं!" बोटाखाली टक् झालं. म्हणजे ही मेन रिले, ही जिवंत. "मागं." दुसऱ्या डबीवर बोट. "पुढं!" काही नाही. "मागं." तिसरीवर बोट. "पुढं!" हिच्यातही काही नाही.

दोन गप्प होत्या. मग सुचलं. "आत्या, हॉर्न वाजव."

आत्यानं असा हॉर्न दाबला की पलीकडच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. तिसऱ्या डबीत टक् झालं. म्हणजे तिसरी हॉर्नची. मग मधली पंपाची, आणि ती दगडासारखी गप्प. फ्यूज एकेक करून काढून बघितले, सगळ्यांतल्या तारा शाबूत होत्या.

चावी बंद करायला सांगून मधली डबी हलवत हलवत ओढून काढली. खालचे पाय हिरवे पडले होते. तांब्याला येतो तसा हिरवा थर, आणि कडेनं गुलाबी रेघ. खाचेत एक तांदळाचा दाणा अडकला होता. अक्षता.

मी तिथंच उभी राहिले. आतूनबाहेरून केली पूजा. आत्याच्या शेतात विहिरीवर मोटार आहे, तिच्या स्टार्टरच्या पेटीची पूजा ती झाकण उघडून करते, मी लहानपणी बघितलेलं आहे. इथंही तिनं तीच पेटी समजून झाकण उघडलं असणार. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, कलशातलं पाणी शिंपडलं आणि झाकण नीट लावून ठेवलं. ते पाणी इतके दिवस आत मुरत होतं. सवाष्णीच्या हातचं.

हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. देवाशपथ सांगते, आलं होतं. आत्या स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून माझ्याकडं काचेतून, उघड्या बॉनेटखालच्या फटीतून बघत होती, पुढं काय करू असं विचारत. मागं आई वाटी धरून. मी दाणा नखानं काढला आणि मातीत टाकला.

पाय खरवडून पुसले, डबी परत बसवली. "पुढं!" गप्पच. आतूनच गेली होती. मग हॉर्नची डबी काढली. दोन्हींवरचा नंबर एकच होता, पायही तसेच. हॉर्नची डबी पंपाच्या जागी दाबून बसवली.

"आत्या, पुढं कर!"

बोटाखाली टक्.

आणि मागून आई जवळजवळ ओरडलीच. "भुंगा! भुंगा बोलला!"

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. तरी टेस्टिंगची सवय. गेलेली डबी हॉर्नच्या जागी बसवली आणि आत्याला हॉर्न दाबायला लावला. शांत. दोष डबीबरोबर सरकला होता. मला आणखी पुरावा नको होता. मी आईच्या खिडकीशी गेले.

"आई, ऐक. ही गाडी हळदीनं थांबली नाही, तुझ्यानं थांबली नाही. एक रिले गेली होती. अंबडला रोज अशा पाचपन्नास टाकून देतो आम्ही."

"नक्की?"

"नक्की. बीएस्सी केलंय मी."

आईनं वाटीकडं बघितलं, मग लांब श्वास सोडला. सकाळपासून तिनं तो धरून ठेवला होता बहुतेक. आत्या उतरता उतरता म्हणाली, "ग्रॅज्युएटबाई, समदं झालं, पण हॉर्न मेला त्याचं काय?"

"पंप नसला तर गाडी चालत नाही. हॉर्न नसला तर तू आहेस."

ती फणकारली. पण काकांना तिनंच फोन केला. "नको रे पाठवू. चालू झाली. आमच्या पोरीनं केली."

पुढचा रस्ता मी जपून चालवला, कुणाला ओव्हरटेक केलं नाही. घोटीत शिरलो तर बाजाराची गर्दी, तांदळाच्या गोण्या उतरवणारे टेम्पो आडवे लावलेले. हॉर्नशिवाय तिथून गाडी काढणं म्हणजे मुक्यानं लिलाव करण्यासारखं. आत्यानं काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं.

"ओ दादा, सरका! हळद हाय गाडीत! ए बाबा, तुझी मोटारसायकल काय म्हैस हाय का, बसलीय रस्त्यात!"

लोक हसत बाजूला होत होते. एका म्हाताऱ्यानं हात जोडले. आई खणावर तळहात ठेवून हसत होती, दात दिसेपर्यंत. तिचं तसं हसणं मी फार दिवसांनी बघितलं.

हळदीची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की हॉर्न वाजवत आत यायची पद्धत आहे. तो ऐकून मांडवातल्या बायका पाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन दाराशी येतात, वाजंत्री सुरू होते, कोण पुढं कोण मागं ते ठरतं. मला खरी भीती त्या दाराचीच होती. तिथं कुणीतरी आईच्या कपाळाकडं बघणार, हळूच म्हणणार, वाटी अमकीकडं द्या.

आमच्या गाडीनं आवाजच केला नाही. मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिली. वाजंत्रीवाले चहा पीत होते. दारात कुणी नव्हतं. मी आईचं दार उघडलं. "जा."

"तू?"

"जा तू पुढं. आलेच."

आत्याच्या बाजूचं दार आतून उघडत नाही, बाहेरून उघडावं लागतं. ते उघडायला मी फार घाई केली नाही.

आई मांडवात चालत गेली. मी आत्याला घेऊन पोचेपर्यंत ती नवरीसमोर उभी होती. नवरी पाटावर, पिवळ्या साडीत, वाट बघून दमलेली. तिनं वर बघितलं, कुणी काही म्हणायच्या आत उठून आईच्या पाया पडली. आईचे दोन्ही हात वाटीला. आशीर्वादाला हात मोकळा नव्हता. तिनं वाटी डाव्या हातावर तोलली, खण सरकवला, बोट बुडवलं आणि पोरीच्या गालाला लावलं.

एवढ्यात आतून नवरीची काकू पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. "अगंबाई, आल्या पण? कळलंच नाही! हॉर्न नाही, काही नाही!"

आत्या माझ्या शेजारी उभी होती. "लागली का हळद?" तिनं विचारलं.

"लागली," नवरी म्हणाली.

"कुणी लावली?"

"आईंनी."

आत्यानं आईकडं बघितलं, मग मांडवातल्या सगळ्या बायकांकडं. सगळ्या तिच्याकडंच बघत होत्या. तिनं पदर खांद्यावर सारखा केला.

"मग बाकीच्या बसलात काय? उठा की, लावा! दिवेलागण होत आली."

आणि वाजंत्रीवाल्यांनी चहा टाकून एकदम सुरू केलं.

परत येताना आत्या मागच्या सीटवर झोपली. आई या वेळी पुढं बसली होती, टोपलीची जागा रिकामी झाल्यामुळं. नाशिकचे दिवे दिसायला लागले तेव्हा ती माझ्या ओढणीकडं बोट दाखवून हळूच म्हणाली, "हा डाग कुंकवाचा आहे."

मी ओढणीचं टोक मांडीखाली सारलं.

"दसऱ्याचं ताट मी मांडलं होतं. वन्संनी आतली पेटी उघडून पूजा केली, ते दारातून बघितलं होतं मी. त्यात अक्षता जास्त झाल्या होत्या, मलाच वाटलं होतं." ती मागं वळून आत्याकडं बघत राहिली. "त्यांना सांगायचं नाही. कधीच नाही. त्या पण घाबरतील."

"नाही सांगत."

"शप्पथ?"

"शप्पथ."

नवी रिले आणली, बसवली, हॉर्न परत वाजायला लागला. भावाचा संसार नीट चाललाय. भावजय आईला बाजारात सोडायला रोज गाडी मागते आणि मी देत नाही, कारण तिला अजून रिव्हर्स येत नाही. पुढच्या दसऱ्याला आत्या आली तेव्हा आईनं झेंडू ओवले, ताट मांडलं आणि ताट घेऊन स्वतःच गाडीपाशी गेली. आत्यानं नारळ धरला. मी बॉनेट उघडणार तोच आई म्हणाली, "राहू दे. बाहेरूनच करते."

पूजा झाल्यावर तिनं हॉर्न वाजवून बघायला सांगितलं. मी वाजवला.